बॉक्सिंगमध्ये फाउल नेमके कशाला म्हणतात, आणि पंच समोर असताना लबाडी कशी चालते?

ज्या खेळात समोरच्याला ठोसेच मारायचे असतात, त्यात फाउल म्हणजे काय आणि पंचांच्या डोळ्यांदेखत खेळाडू लबाडी कशी करतात, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात काही वर्षांपासून मुलांना बॉक्सिंग शिकवतो आणि स्थानिक लढतींमध्ये अधूनमधून पंच म्हणूनही उभा राहतो, त्यामुळे माझे उत्तर तिथल्या अनुभवाचे आहे.

मूळ नियम सोपा आहे. बंद मुठीच्या गाठींच्या भागाने, कमरपट्ट्याच्या वर, डोक्याच्या किंवा धडाच्या समोरच्या अथवा बाजूच्या भागावर बसलेला ठोसाच वैध धरला जातो. उघड्या ग्लोव्हची थप्पड, कोपर, खांदा, डोक्याची धडक, कमरेखालचा घाव, पाठीवरचा ठोसा आणि खाली पडलेल्याला मारणे हे सारे फाउल ठरते. मानेच्या मागे मारलेल्या ठोशाला ‘रॅबिट पंच’ म्हणतात, कारण शिकारी सशाला मारताना तिथेच घाव घालत. हा ठोसा साधा दिसला तरी त्याने मेंदूला आणि मणक्याला कायमची इजा होऊ शकते.

आमच्याकडची खरी डोकेदुखी मात्र पकडण्याची आहे. हा तालमींचा मुलूख असल्याने माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांनी आधी लाल मातीत घाम गाळलेला असतो, आणि दम लागला की त्यांचे हात आपोआप समोरच्याच्या मानेवर जातात. कुस्तीत जे कसब, ते इथे फाउल. आधुनिक बॉक्सिंगचा पाया मानल्या जाणाऱ्या १८६७च्या क्वीन्सबेरी नियमांनीच रिंगमधली कुस्ती बंद केली. एका लढतीत अशाच एका मुलाने प्रतिस्पर्ध्याचा उजवा हात आपल्या डाव्या काखेत दाबून धरला आणि मोकळ्या हाताने त्याच्या बरगडीवर तीन ठोसे मारले. मी दुसऱ्या बाजूला उभा असल्याने मला फक्त दोन पाठी दिसल्या, आणि ‘ब्रेक’ म्हणायला मला उशीर झाला. चूक माझीच होती. तेव्हापासून दोघे बिलगले की मी आधी दोघांच्या पोटांमधली फट दिसेल अशा बाजूला सरकतो. ‘ब्रेक’ म्हटल्यावर दोघांनीही एक पाऊल मागे घ्यायचे असते. ते न घेता ठोसा मारणे हाही फाउलच. हौशी बॉक्सिंगमध्ये तिसऱ्या ताकिदीला खेळाडू बाद होतो.

याशिवाय पायावर पाय ठेवून ठोसा मारणे, दम खायला मिळावा म्हणून दातांवरचे गार्ड मुद्दाम थुंकणे, चड्डी वर ओढून पोटावरचा ठोसाही कमरेखालचा वाटावा अशी सोय करणे, हे प्रकार चालतात.

आता नियमांत बसणारी, पण खिलाडूवृत्तीत न बसणारी गोष्ट. २०११मध्ये अमेरिकी बॉक्सर व्हिक्टर ऑर्टिझने लढतीत फ्लॉइड मेवेदरला मुद्दाम डोके मारले, त्याचा एक गुण कापला गेला आणि नंतर तो माफी मागत राहिला. लढत पुन्हा सुरू झाल्याचा इशारा मिळाल्यावरही त्याचे हात खालीच होते, आणि मेवेदरने दोन ठोशांत त्याला झोपवले. पुष्कळांना ते अधम वाटले. मला विचाराल तर मेवेदर नियमात होता, आणि मी मुलांना हीच लढत दाखवून हात वर ठेवायला शिकवतो. पोलिश बॉक्सर अँड्र्यू गोलोटाचे गणित मला कधीच उलगडले नाही. १९९६मध्ये रिडिक बोविरुद्धच्या दोन्ही लढतींत तो गुणांनी पुढे होता, आणि दोन्ही वेळा कमरेखाली मारून बाद झाला.

सर्वांत वाईट लबाडी मात्र लढत सुरू होण्यापूर्वीच झालेली असते. १९८३मध्ये न्यूयॉर्कमध्ये लुईस रेस्टो या बॉक्सरच्या ग्लोव्हमधला काही भराव काढून टाकलेला होता. त्याच्याकडून दहा राउंड मार खाल्लेल्या बिली कॉलिन्सचे डोळे सुजून बंद झाले, आणि तो पुन्हा कधीही रिंगमध्ये उतरू शकला नाही. लढत संपल्यावर कॉलिन्सचे वडील रेस्टोशी हात मिळवायला गेले, तेव्हा त्यांना हाताखाली गादीऐवजी मुठीची हाडेच लागली. रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक दोघेही तुरुंगात गेले. म्हणूनच इथल्या छोट्या लढतीतही मी हातावरच्या पट्ट्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, आणि ग्लोव्ह चढवल्यावर दोन्ही हातांचा भराव अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय ‘बॉक्स’ म्हणत नाही.