चलान गाडीच्या नंबरवर, गुन्हा मात्र चालकाचा

प्रश्न : मोटार वडिलांच्या नावावर आहे. लाल सिग्नलला थांबलो असताना फोन हातात घेऊन नकाशा पाहिला आणि कॅमेऱ्यात टिपलो गेलो. कलम 184 खाली ई-चलान आले, तेही ‘दुसरा गुन्हा’ म्हणून 10,000 रुपयांचे. चौदा महिन्यांपूर्वी याच गाडीवर मोबाइलचे चलान झाले होते, पण तेव्हा गाडी भाऊ चालवत होता. ते वडिलांनी ऑनलाइन भरून टाकले. माझी नोकरी फिरतीची, परवाना गेला तर पंचाईत. पैसे भरून मोकळा होऊ का?

उत्तर : इतक्यात भरू नका. दहा हजारांपेक्षा ‘दुसरा गुन्हा’ हे दोन शब्द तुम्हाला महागात पडू शकतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने, वाहन चालवताना हातात धरायचे संपर्क साधन वापरणे हा धोकादायक वाहन चालवण्याचा एक प्रकार ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आधीच्या तशाच गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत पुन्हा केलात, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पण ही शिक्षा वाहन चालवणाऱ्याला आहे, नंबर प्लेटला नाही. भाऊ एकदा आणि तुम्ही एकदा, असे दोघांचे मिळून कोणाचेच ‘दोनदा’ होत नाही. ई-चलान गाडीच्या नंबरावरून मालकाच्या नावे निघते, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचा हिशेब एकाच खात्यावर चढतो.

लोक फसतात ते पुढच्या टप्प्यावर. मोबाइलचा गुन्हा कलम 200 खाली तडजोड शुल्क भरून मिटवता येतो, आणि ‘भरले, संपले’ असे वाटते. त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे की तडजोड झाली तरी तो गुन्हा पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जाईल, आणि परवान्याबाबतची कार्यवाही त्याने थांबणार नाही. म्हणजे आज तुम्ही निमूट दहा हजार भरलेत, तर दुसऱ्या गुन्ह्याचा शिक्का स्वतःच मान्य केल्यासारखे होईल.

आधी चलानावरचा फोटो मोठा करून पाहा. नंबर, तारीख, वेळ, ठिकाण आणि हातातला फोन स्पष्ट दिसतो का? फोटो आणि चलान दोन्ही उतरवून ठेवा. मग वडिलांनी लेखी कळवावे की त्या वेळी गाडी तुम्ही चालवत होता, आणि सोबत तुमचा परवाना क्रमांक द्यावा. पोलिसांनी विचारल्यावर चालकाची माहिती देणे कलम 133 नुसार मालकाचे कर्तव्यच आहे. त्याच पत्रात आधीच्या चलानाचा क्रमांक देऊन तेव्हा चालक भाऊ होता हे लिहा. भावाचे सहीचे निवेदन आणि त्याच्या परवान्याची प्रत जोडा. महाराष्ट्रातले चलान असेल तर वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. तिथे हे सगळे चढवा, पोच जपा, आणि चलानावर दिलेली मुदत टळू देऊ नका.

कच्चा दुवाही सांगतो. आधीचे चलान वडिलांनी चालकाचे नाव न देता भरले आहे, त्यामुळे आता ‘तो भाऊ होता’ हे नुसत्या शब्दावर मानतीलच असे नाही. त्या दिवशी तुम्ही दुसरीकडे होता हे दाखवणारे हजेरीपत्रक किंवा प्रवासाचे तिकीट मिळाले तर उत्तम. आणि परवाना वाचावा म्हणून आत्ताचा गुन्हा भलत्याच्या नावावर ढकलू नका. खोटी माहिती देणे हा कलम 179 खाली वेगळा गुन्हा आहे, आणि फोटोत चेहरा असतो.

नकाशाच्या बचावावर फार विसंबू नका. ऑक्टोबर 2020 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत, चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फक्त मार्ग पाहण्यासाठी अशा साधनाला मुभा आहे. पण ती नियमातली. कलम 184 च्या स्पष्टीकरणात तसा अपवाद लिहिलेला नाही. शिवाय फोटोत फोन दिसतो, पडद्यावर काय होते ते दिसत नाही. त्या वेळेचा नकाशा ॲपमधला प्रवास-इतिहास आणि कॉल-नोंद यांचे स्क्रीनशॉट मात्र आजच काढून ठेवा. लाल दिव्यालाही कायद्यात सूट नाही. गाडी रांगेत, हात स्टिअरिंगवर, म्हणजे तुम्ही चालकच.

तक्रार फेटाळली गेली तर प्रकरण न्यायालयात जाऊ द्या आणि तिथे ‘पहिला गुन्हा’ एवढाच मुद्दा धरा. तो मान्य झाला तर दंड 1,000 ते 5,000 च्या कक्षेत येतो. लोक अदालतीची नोटीस आली तर जा, पण तिथे रक्कम कमी झाली म्हणून भुलू नका. कागदावर पहिला गुन्हा लिहिलाय की दुसरा, ते सही करण्याआधी वाचा.

परवान्याचे म्हणाल, तर कलम 206(4) नुसार पोलिस या गुन्ह्यात परवाना जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. कलम 19 प्रमाणे तुमचे म्हणणे ऐकून घेतल्यावर पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता, दुसऱ्याला परवानाच रद्द, असा आदेश निघू शकतो. प्राधिकाऱ्याची नोटीस आली तर हेच पुरावे घेऊन हजर राहा. आदेश विरोधात गेला तर अपिलाला 30 दिवस मिळतात. एक बारकावा बहुतेकांना ठाऊक नसतो : अशा जप्तीनंतर हाती येणारी तात्पुरती पोच दाखवून गाडी चालवता येत नाही. परवाना परत मिळेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, कामाला दुसऱ्याच्या गाडीने किंवा बसने जायचे.