कौंटीचं ग्रंथालय सोडावं का?

प्रश्न : आम्ही लॉस एंजेलिस कौंटीतल्या (कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) एका लहान शहरात भाड्याने राहतो. इथलं ग्रंथालय कौंटीचं आहे. कौंटीच्या ग्रंथालय व्यवस्थेतून बाहेर पडून शहराने स्वतःचं ग्रंथालय चालवावं, असा विषय आता नगर परिषदेपुढे आला आहे. ‘आपला कर आपल्याच गावात राहील, रविवारीही ग्रंथालय उघडं राहील,’ असं सांगतात. माझे सासरे इथे येतात तेव्हा त्यांच्यासाठी मी दुसऱ्या शाखांमधून मराठी पुस्तकं मागवते. ती बंद होतील का? आम्ही एच-१बी व्हिसावर, मतदानाचा हक्क नाही. आमच्या बोलण्याला काही अर्थ आहे का?
– एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : आधी कराचं बघू, कारण परिषदेतली चर्चा तिथेच अडकते. महाराष्ट्रात आपल्याला वर्गणी आणि अनामत ठाऊक. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. तुमच्याकडे मालमत्ता करातला एक वाटा कौंटी ग्रंथालयाला जातो, आणि भाडेकरू म्हणून तो भाड्यातून तुम्हीही भरता. ज्या शहरात घरं महाग, त्याला वाटतं की आपण भरतो जास्त आणि मिळतं कमी. हा हिशेब खोटा नसतो. पण त्याच जादा पैशावर शेजारच्या गरीब वस्तीतली शाखा चालते. १९१२ मध्ये तुमच्या कौंटीने हे काम सुरू केलं. पहिली शाखा १९१३ मध्ये विलोब्रुकला उघडली, तीही एका घराच्या दिवाणखान्यात. ज्या वस्तीला एकटीच्या बळावर ग्रंथालय परवडणार नाही, तिथे पुस्तकं पोचावीत म्हणून तर हा सगळा खटाटोप.

तुमच्याच कौंटीतल्या सांता क्लॅरिटाने बाहेर पडून दाखवलं आहे. २०१० मध्ये परिषदेने निर्णय घेतला आणि जुलै २०११ पासून तीन ग्रंथालयं शहराकडे आली. चालवायला मात्र दिली एका खाजगी कंपनीला, एलएसएसआयला. लोक खवळले. विरोध होता तो मुख्यतः या कंपनीला, शहराला नव्हे. पुढच्याच वर्षी न्यूहॉलला सुंदर नवी इमारत उभी राहिली, आणि २०१८ मध्ये शहराने कंपनीला निरोप देऊन कारभार स्वतःकडे घेतला. म्हणजे शहराचं ग्रंथालय बुडतंच असं नाही. ज्यांना बाहेर पडायचं आहे ते काही गावाचे वैरी नव्हेत.

तरीही माझं मत राहण्याच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण तुमच्या सासऱ्यांची पुस्तकं. कॅलिफोर्नियातल्याच एका कौंटी ग्रंथालयात मी निवृत्त होईपर्यंत पुस्तकांच्या नोंदी करत होते. मराठी पुस्तकांची खोकी आली की माझ्या टेबलावर यायची, कारण लिपी वाचणारी मी एकटीच. शीर्षक देवनागरीत आणि रोमन अक्षरांत, लेखकाचं नाव कुठल्या रूपात नोंदवायचं, आवृत्ती कितवी, हे सगळं एकेका पुस्तकासाठी. एका शाखेत मराठी वाचणारी दोन घरं असतील, पण अनेक शाखा मिळून वाचक जमतो, म्हणून ती खोकी घेणं परवडायचं. ठरावीक काळाने तीच पुस्तकं एका शाखेतून दुसरीकडे जायची. एक-दोन इमारतींच्या शहराला असं काम करणारं माणूस नेमणं जड जातं. नवं ग्रंथालय मराठीचा कप्पा मुद्दाम काढून टाकणार नाही. तो भरायचं कुणाच्या कामात बसणार नाही, एवढंच.

ई-पुस्तकांचं तर आणखी वेगळं. ग्रंथालय ती विकत घेत नाही, परवाना घेते, आणि बरेच परवाने दोन वर्षांनी किंवा ठरावीक वेळा पुस्तक दिल्यावर संपतात. ते कौंटीच्या नावावर असतात. शहर वेगळं झालं की त्याला स्वतःचे घ्यावे लागतात, मग पुन्हा पुन्हा.

कौंटीचं कार्ड पुढेही चालेल, असं तुम्हाला सांगतील. बहुधा चालेलही, कारण कॅलिफोर्नियातली बहुतेक ग्रंथालयं राज्यातल्या कुणालाही कार्ड देतात. पण उत्तरेकडच्या सांता क्लॅरा कौंटीत (ही सांता क्लॅरिटाहून वेगळी) २०११ पासून बाहेरच्या रहिवाशांना कार्डासाठी वर्षाला ८० डॉलर मोजावे लागत होते. सनीव्हेलचं ग्रंथालय शहराचं, शेजारचं कुपर्टिनो कौंटी व्यवस्थेत. त्यामुळे सनीव्हेलकरांना कुपर्टिनोतून पुस्तक न्यायचं तरी पैसे. ही फी २०१५ मध्ये उठली. तेव्हा तोंडी भरवशावर जाऊ नका.

रविवारचं म्हणाल, तर त्यासाठी कौंटीची व्यवस्था सोडायची गरज नाही. त्याच सांता क्लॅरा कौंटीतली लॉस आल्टोस आणि लॉस आल्टोस हिल्स ही दोन शहरं कौंटीच्या व्यवस्थेतच राहून, आपल्या वेगळ्या प्राधिकरणामार्फत जादा तासांचे पैसे भरतात. तुमच्या परिषदेने हा पर्याय तपासला का, हे जरूर विचारा. आणि सल्लागाराच्या अहवालात पहिल्या वर्षाचा ताळेबंद असेल, तर दहाव्या वर्षाचा मागा. सुरुवातीला राखीव पैसा आणि उत्साह दोन्ही असतात. छप्पर गळतं, पगार वाढतात, ते नंतर.

व्हिसाची काळजी मनातून काढून टाका. कॅलिफोर्नियाच्या ब्राउन कायद्याप्रमाणे नगर परिषदेच्या सभेत कुणीही बोलू शकतं. नागरिकत्व विचारलं जात नाही, आणि सभेला बसायचं तर नाव नोंदवण्याची सक्तीही करता येत नाही. बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं मिळतात, कधी कमीही. त्यात ग्रंथालयाचं महत्त्व सांगत बसू नका, ते सगळ्यांना मान्यच असतं. गेल्या वर्षी तुम्ही कोणती पुस्तकं कुठल्या शाखेतून मागवली त्याची यादी खात्यातून काढून घेऊन जा (हा इतिहास जपायची सोय असते, पण ती आधी चालू करावी लागते, नसेल तर आजच करा). ती वाचून दाखवा आणि विचारा, ‘पुढच्या वर्षी यातली कुठली मिळतील, आणि कुठून?’ उत्तर लेखी मागा, परिषदेच्या मतदानाच्या आधी.