आयझॅक हेज नक्की कोण होता, गायक की ‘साउथ पार्क’ या अमेरिकी कार्टूनमधला आचारी? त्याचं काय ऐकावं, काय बघावं?

हा प्रश्न मला आमच्या दाजींनी २००८ मध्ये विचारला होता. फक्त त्यांच्या वाक्याला प्रश्नचिन्ह नव्हतं.

मी तेव्हा मेम्फिसला प्रोजेक्टवर होतो. १० ऑगस्टला, रविवारी, हेज गेला. शहराच्या पूर्वेला स्वतःच्या घरी, सहासष्टावा वाढदिवस दहा दिवसांवर असताना. महिनाअखेरीस लेबर डेची सुट्टी जोडून ताई-दाजी न्यू जर्सीहून आले. दाजींना एल्विस प्रेस्लीचं घर, ग्रेसलँड, बघायचं होतं. म्हटलं बघू, पण आधी मॅकलमोर अव्हेन्यूवर स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचं म्युझियम. मूळ स्टुडिओ १९८९ मध्ये पाडला आणि त्याच जागी हुबेहूब बांधून २००३ मध्ये हे म्युझियम उघडलं. आत हेजची १९७२ची कॅडिलॅक एल्डोराडो गोल फिरत असते. निळी, बाहेर सोन्याचा मुलामा, आत पांढरी फर अंथरलेली. दाजींनी पाटी वाचली आणि हसत सुटले. “अरे, हा तर कार्टूनमधला आचारी! त्याची ही गाडी?” मग ताईकडे बघून, “गाणं चालेनासं झालं की शेवटी माणसाला हेच करावं लागतं.”

ते ताईकडे बघणं मला बरोबर कळलं. आमचे अण्णा मिरजेत ऑर्केस्ट्रात गायचे. गणपतीचे दहाही दिवस त्यांची तारीख मिळायची नाही. मग गल्लोगल्ली व्हिडिओ आला, ऑर्केस्ट्रा बसले, आणि अण्णा साड्यांच्या सेलची, सर्कशीची अनाउन्समेंट कॅसेटवर भरून द्यायला लागले. रिक्षाला भोंगा बांधून तो आवाज गावभर फिरायचा. ताईच्या लग्नात वरपक्षातलं कुणीतरी “सेलवाले सासरे” म्हणालं होतं आणि बोहल्यावरचे दाजी खुदकन हसले होते. मी विसरलो नव्हतो.

मग काय, ती गाडी फिरत राहिली आणि मी बोलत राहिलो.

म्हटलं, दाजी, हा माणूस टेनेसीतल्या कापसाच्या शेतात वाढला, आजी-आजोबांनी वाढवला. शाळा संपेपर्यंत एकवीस वर्षांचा झाला. मेम्फिसच्या मांसाच्या कारखान्यात राबला. स्टॅक्समध्ये शिरला तो बुकर टी. जोन्स कॉलेजला गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या कीबोर्डवर. मग डेव्हिड पोर्टरबरोबर बसून सॅम अँड डेव्ह या गायक जोडीसाठी ‘सोल मॅन’, ‘होल्ड ऑन, आय’म कमिन’’ लिहिली. म्हणजे तुम्ही त्याला ओळखायच्या तीस वर्षं आधी तो दुसऱ्यांना हिट गाणी देत होता.

डिसेंबर १९६७ मध्ये स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंग विमान कोसळून गेला, बार-केज या साथीच्या बँडमधली बहुतेक पोरंही गेली. ४ एप्रिल १९६८ला याच शहरात लॉरेन मोटेलच्या गॅलरीत मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली. स्टॅक्सची माणसं त्याच मोटेलात बसून गाणी रचायची. हेज नंतर सांगायचा की वर्षभर त्याच्याकडून काही लिहूनच झालं नाही. त्यात अटलांटिक या मोठ्या रेकॉर्ड कंपनीबरोबरचा करार तुटला आणि स्टॅक्सच्या जुन्या रेकॉर्ड तिकडेच राहिल्या. माल काहीच उरला नाही म्हणून स्टॅक्सचा कारभार बघणाऱ्या अल बेलने १९६९ मध्ये एकदम २७ अल्बम काढायला घेतले. इतक्या गर्दीत एखादा कसा का होईना, कोण बघतंय? हेजने संधी साधली आणि नव्याने उभ्या राहिलेल्या बार-केजना घेऊन मनासारखं वाजवलं. ‘हॉट बटर्ड सोल’. चारच गाणी, त्यात एक बारा मिनिटांचं, एक अठराच्या वर. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या.

दाजी म्हणाले, “अठरा मिनिटं? आमच्याकडे बड्या ख्यालाला लागतात.” मला हेच हवं होतं. गाडीत बसल्याबरोबर सीडी लावली. ‘बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स’, मूळ जिमी वेबचं, तीन मिनिटांत आटपणारं. हेज मात्र एकच सूर धरून बोलत बसतो. तो माणूस कोण, बायको कशी, घर सोडून का निघाला. ही सवय त्याला मेम्फिसच्या क्लबात लागली. लोक गप्पा मारत होते, तर यानेही गाण्याआधी गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि सगळे चिडीचूप. आपल्या कीर्तनातला पूर्वरंगच म्हणा ना. पेटी सुरावर धरलेली, बुवा बोलतायत आणि पद येईल तेव्हा येईल. चौथ्या मिनिटाला दाजींनी विचारलं, “गाणं कधी सुरू होणार?” मागून ताई म्हणाली, “अहो, सुरूच आहे.” ग्रेसलँडच्या पार्किंगला लागलो तरी संपलं नव्हतं. मी इंजिन बंद केलं, सीडी चालू ठेवली. दाजी तसेच बसून राहिले. पटलं म्हणून की उन्हात उतरायचा कंटाळा म्हणून, ते विचारलं नाही.

आता तुमचा प्रश्न. कार्टूनमधला तो आचारी, ज्याला हेजने आवाज दिला, पोरांना सल्ला देता देता मध्येच गायला लागतो आणि भलतीकडेच घसरतो, ती गंमत ज्या आवाजावर उभी आहे तो ‘हॉट बटर्ड सोल’मधलाच आवाज आहे. आधी बोलायचं, मग बोलण्यातूनच गाण्यात उतरायचं. हेज स्वतःचीच नक्कल करत होता, तीही मजेत. याला गाणं सोडणं म्हणणाऱ्याने त्याचं गाणं ऐकलेलं नाही. त्यातलंच एक चावट गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं.

आणि टीव्ही काही शेवटी आलेला नाही. १९७२ मध्ये ‘शाफ्ट’ या सिनेमाच्या गाण्याला ऑस्कर मिळालं, त्या विभागात जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय. आजीला बरोबर घेऊन गेला होता. पुढे स्टॅक्स बुडाली, १९७६ मध्ये हाही दिवाळखोर झाला आणि स्वतःच्या गाण्यांच्या रॉयल्टीवरचा हक्क गेला. म्हणजे गाणी रेडिओवर वाजतायत आणि बापाच्या हातात दमडी नाही. त्याच सुमाराला ‘रॉकफर्ड फाइल्स’ या टीव्ही मालिकेत तो तुरुंगातून सुटलेला गँडॉल्फ फिच झाला, मालिकेचा नायक रॉकफर्ड झालेल्या जेम्स गार्नरला ‘रॉकफिश’ म्हणणारा. एका भागात गायिका डिऑन वॉरविकही आहे. जिचं ‘वॉक ऑन बाय’ याने बारा मिनिटांचं केलं, तीच. तो भाग नक्की बघा. बाकी ‘ए-टीम’ वगैरे मालिका सोडून दिलं तरी चालेल. माणसाने घर चालवायला अभिनय केला, त्यात लाजण्यासारखं काय आहे हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

ऐकायला ‘वॉक ऑन बाय’पासून सुरुवात करा, हेडफोन लावून. मग ‘शाफ्ट’. स्किप पिट्सची ती वाह-वाह गिटार तुम्ही शंभर नकलांमधून ऐकलेली असणार. पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडचं ‘ग्लोरी बॉक्स’ आवडत असेल तर त्याखालचं संगीत हेजच्या ‘आइक्स रॅप टू’चं आहे, तेही शोधा.

दोन गोष्टी राहिल्या. डिस्कोच्या काळातलं त्याचं पुष्कळसं काम मला कंटाळवाणं वाटतं. दाजींशी भांडताना ते मी बोललो नाही. दुसरं, २००६ मध्ये त्याने कार्टून सोडलं, कारण तिथे सायंटॉलॉजीची टर उडवली आणि हा त्याच पंथाचा. दहा वर्षं बाकी सगळ्या धर्मांची टिंगल चालली तेव्हा हा गप्प होता, असं लोक म्हणाले. त्याच्या मुलाने पुढे सांगितलं की त्याच जानेवारीत बाबांना पक्षाघात झाला होता आणि राजीनामा दुसऱ्याच कुणीतरी त्यांच्या नावाने दिला. मला मुलाचं खरं वाटतं. पण मीही कुणाचा तरी मुलगा आहे, तेव्हा माझं मत जरा बेतानेच घ्या.

आणि ते कार्टून फार शिवराळ आहे, घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर लावा.