शेत विकण्याआधी मुलाचे म्हणणे ऐका

प्रश्न : मी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात तंत्रज्ञ आहे. येथील पहिले दोन संच बंद झाले. कोळशाचे दिवस भरले आहेत. मुलाला बारावी विज्ञानला 64 टक्के मिळाले. एका खासगी विद्यापीठात 'अपारंपरिक ऊर्जा' या विषयातील बी.टेक. करता येते आणि त्यासाठी दोन एकर शेत विकण्याची माझी तयारी आहे. तो मात्र इलेक्ट्रिकल डिप्लोमाचा हट्ट धरून बसला आहे. त्याला कसे समजवावे?

उत्तर : आपल्या पत्रात मुलाच्या इच्छेला एकच वाक्य मिळाले आहे आणि त्यातही तिला 'हट्ट' म्हटले आहे. त्याच्या गुणांपेक्षा मला याची अधिक काळजी वाटते. ज्याने उमेदीची वर्षे बॉयलरच्या झळा सोसत काढली, त्याला मुलाने त्या राखेत येऊ नये असे वाटणारच. परंतु शेत विकून मिळवलेल्या प्रवेशाचे ओझे एकदा खांद्यावर पडले, की 'मला हे जमत नाही' असे म्हणण्याची सोयही त्या मुलाला उरणार नाही.

नव्या ऊर्जेला नव्या नावाची पदवी लागते, हा आपला समज चुकीचा आहे. 210 मेगावॉटचे ते दोन संच बंद झाले हे खरे, पण त्याच केंद्रात 500 मेगावॉटचे दोन नवे संचही उभे राहिले, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. 2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील जीवाश्म इंधनाविना चालणाऱ्या स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला, तरी 2024-25 मध्ये प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेपैकी 70 टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. कारण दिवे लागण्याच्या वेळी, म्हणजे मागणी चढत असतानाच, सौर पॅनेल थंडावतात. दुपारची वीज रात्रीसाठी राखायची, तर बॅटऱ्या हव्यात किंवा घाटघरसारखे, खालचे पाणी वर चढवून ठेवणारे उदंचन प्रकल्प हवेत, शिवाय वाहिन्या आणि उपकेंद्रेही हवीत. या साऱ्यांत ट्रान्सफॉर्मर, रिले, इन्व्हर्टर आणि संरक्षण यंत्रणा असतात आणि त्यांचा पाया इलेक्ट्रिकलमध्येच घातला जातो. म्हणजे आपल्याला मुलाला जेथे पोहोचवायचे आहे, तेथे जाणारा रस्ता त्याने आपल्याआधीच धरला आहे. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर पवनचक्की छापायला विद्यापीठाला फारसा खर्च येत नाही. तेथील प्रयोगशाळा मात्र स्वतः जाऊन पाहावी.

बारावी विज्ञाननंतर डिप्लोमाच्या आणि डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

शेत विकू नका. 'त्याला कसे समजवावे' या आपल्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. पुढचे पत्र मुलाला लिहू द्या आणि पाकीटही त्यालाच चिकटवू द्या.