मिशनरी महाविद्यालय आणि अर्थशास्त्र

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते आणि तिला मुंबईच्या सेंट झेवियर्स किंवा विल्सन महाविद्यालयात अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करायचे आहे, असे आपण रावेरहून लिहिले आहे. तेथे धर्माची सक्ती होईल का आणि या पदवीने पोट भरेल का, या आपल्या दोन शंका आहेत.

पहिल्या शंकेने आपण झोप घालवू नये. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या, किंवा तो अल्पवयीन असल्यास पालकांच्या, संमतीविना धर्मशिक्षण वा उपासना सक्तीची करता येत नाही. विल्सन १८३२ पासून आणि झेवियर्स १८६९ पासून सर्व धर्मांच्या मुलांना शिकवत आली आहेत. मात्र अल्पसंख्याक संस्था असल्याने काही जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात, म्हणून आणखी दोन-तीन ठिकाणी अर्ज करावा.

खरा विचार करायचा तो गणिताचा. पदवीच्या पातळीवरचे अर्थशास्त्र आलेख, कॅलक्युलस (बदलाच्या दराचे गणित) आणि संख्याशास्त्रावर उभे असते, आणि विज्ञान शाखेत गणित घेतलेल्या मुलीला तेथे मोठा आधार मिळतो. आपल्या भागात बऱ्हाणपूरच्या लिलावात केळीचा भाव पडला की रावेरच्या शेतकऱ्याच्या हाती येणारा भाव का उतरतो आणि माल टिकत नसल्याने विकणाऱ्याची बाजू कशी लंगडी पडते, हे आपली मुलगी घरातच पाहत आली आहे. ते का घडते, याचा पद्धतशीर शोध म्हणजेच हा विषय, आणि अशा अनुभवातून आलेली मुले तो अधिक आस्थेने शिकतात, असे माझे ठाम मत आहे.

नोकरीबाबत स्पष्ट सांगतो. नुसत्या बी.ए.वर वाव मर्यादित राहतो, त्यामुळे पदव्युत्तर शिक्षण गृहीत धरूनच खर्चाचा हिशेब करावा. पुण्याच्या १९३० साली स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेसारखे पर्याय आपल्याच राज्यात आहेत. केंद्र सरकारच्या भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा देण्यासही अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. बँका, संशोधन संस्था आणि माहितीचे विश्लेषण करणाऱ्या कंपन्यांत संख्याशास्त्र येणाऱ्यांना मागणी असते.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी दोन्ही महाविद्यालयांची अभ्यासक्रमपत्रिका मागवून गणिती पद्धती आणि संख्याशास्त्र कोणत्या वर्षी शिकवतात, ते मुलीसोबत बसून पाहावे, आणि वसतिगृहाची चौकशी त्याच वेळी करावी.