१८९६ च्या खरेदीखतावर ‘वाशीम जिल्हा’ कसा?

प्रश्न : आमचे मूळ गाव मंगरूळपीरजवळचे, तीन पिढ्या आम्ही नागपुरात आहोत. आजोबांच्या लोखंडी पेटीत १८९६ सालचे शेताचे खरेदीखत निघाले. त्यावर ‘तालुके मंगरूळ, जिल्हे वाशीम’ असे आहे. वाशीम जिल्हा तर १९९८ मध्ये झाला; म्हणून भावकीतले लोक कागद मागाहून केलेला असल्याचे म्हणतात. खरे काय समजावे? आणि जिल्हे असे पुन्हा पुन्हा का तुटतात?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या भावकीची शंका निदान या एका कारणासाठी तरी टिकत नाही. १८९६ मध्ये वाशीम हा जिल्हाच होता आणि त्यात वाशीम, मंगरूळ व पुसद असे तीन तालुके होते. आपण पाठविलेल्या छायाचित्रात शिक्क्याच्या खाली जे लिहिले आहे, ते त्या वर्षाला धरूनच आहे. उलट त्या जागी ‘जिल्हे अकोला’ असते, तर मलाच संशय आला असता.

निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. काही काळ पूर्व वऱ्हाड व पश्चिम वऱ्हाड असे दोनच जिल्हे होते. पुढे त्यांतून अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वणी आणि वाशीम असे सहा जिल्हे निघाले. कागदोपत्री प्रदेश निजामाचाच असल्यामुळे त्याचे सरकारी नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे होते. ते शब्द कुठे आढळले तर गोंधळून जाऊ नये. १९०३ मध्ये वऱ्हाड नागपूरच्या मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले आणि १९०५ मध्ये सहाचे चार जिल्हे करण्यात आले. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, अमरावतीत गेले. वाशीम जिल्हा मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याला आणि पुसद यवतमाळला दिले गेले. वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले तेही तेव्हाच. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम पुन्हा वेगळा झाला, पण पुसद यवतमाळातच राहिले. म्हणून जुना वाशीम जिल्हा आणि आजचा वाशीम जिल्हा एकच नव्हेत.

कारंज्याचे उदाहरण याहून बोलके आहे. कारंजा तेव्हा मुर्तिजापूर तालुक्यात होते आणि तो तालुका १९०५ पर्यंत अमरावती जिल्ह्यात होता. म्हणजे कारंज्यातल्या एकाच घराच्या कागदांवर आधी अमरावती, मग अकोला आणि १९९८ नंतर वाशीम असे तीन जिल्हे येऊ शकतात, आणि घर मात्र जागचे हललेले नसते.

आपल्या नागपूरचेही तसेच आहे. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातूनच निघाला. त्याचे मुख्य ठिकाण आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते आणि १८६६ मध्ये ते पालकवाडीला, म्हणजे आजच्या वर्धा शहराच्या जागी, आले. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. आज ते अकरा आहेत : २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली, १९९८ मध्ये वाशीम आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया. संपूर्ण महाराष्ट्रात १९६० मध्ये २६ जिल्हे होते. २०१४ मध्ये पालघर झाल्यावर ते ३६ झाले.

जिल्हा तुटण्याचे मुख्य कारण अंतर. सालेकशाच्या किंवा देवरीच्या शेतकऱ्याला कलेक्टर कचेरीतील कामासाठी भंडाऱ्यापर्यंत जावे लागणे हा अन्यायच होता. मात्र केवळ रेषा ओढल्याने अंतर कमी होतेच असे नाही. प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरचे सिरोंचा चंद्रपूरहून जेवढे दूर होते, जवळजवळ तेवढेच, सुमारे दोनशे किलोमीटर, आज गडचिरोलीहून आहे. अहेरी जिल्ह्याच्या मागणीकडे मी याच कारणाने सहानुभूतीने पाहतो. चिमूर, अचलपूर, पुसद आणि खामगाव यांच्याही मागण्या आहेत. त्या प्रत्येकीची कसोटी शेवटच्या गावापासून कचेरीपर्यंतचा रस्ता हीच असावी.

आता आपल्या कागदाविषयी. जिल्ह्याचे नाव जुळते एवढ्यावरून तो खरा ठरत नाही; त्यासाठी दस्तनोंदणीची आणि शेताच्या जुन्या अभिलेखाची नक्कल काढावी. आधी वाशीमला चौकशी करावी आणि तेथे न मिळाल्यास अकोल्याच्या जिल्हा अभिलेख कक्षात अर्ज द्यावा. अर्जात मौजा, तालुका आणि खरेदीखतातील दस्त क्रमांक स्पष्ट लिहावा, आणि जिल्ह्याच्या रकान्यात ‘१९०५ पर्यंत वाशीम, १९९८ पर्यंत अकोला, सध्या वाशीम’ असे लिहावे, म्हणजे शोधणाऱ्या कारकुनाला कोणती दप्तरे काढायची ते लगेच कळेल.