वाचक विचारतात : मराठीचे छपाईचे खिळे श्रीरामपुरात कसे?

प्रश्न : इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले, असे वाचले. मराठी मुलुखापासून इतक्या दूर, आणि तेही कलकत्त्यात न होता या लहान गावी, हे काम का झाले? त्या काळाच्या खुणा तेथे उरल्या आहेत का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : याचे मूळ गावावरील निशाणात आहे. हुगळीच्या पश्चिम तीरावरील, बराकपूरच्या समोरचे श्रीरामपूर तेव्हा इंग्रजांचे नव्हते. 1755 मध्ये नवाब अलिवर्दी खानाच्या परवानगीने डॅनिश व्यापाऱ्यांनी तेथे वखार घातली आणि आपल्या राजाच्या नावावरून गावाला ‘फ्रेडरिक्सनगर’ म्हटले. (नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांना तोंड देणारा नवाब तो हाच.) ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते, म्हणून 1799 मध्ये आलेले कॅरींचे सहकारी मिशनरी मार्शमन आणि वॉर्ड कलकत्ता टाळून थेट येथे उतरले, डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी त्यांना आश्रय दिला, आणि 1800 च्या आरंभी कॅरी येऊन मिळताच छापखाना उभा राहिला. पुढे कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी मराठीही शिकवू लागले. तेथील विद्यार्थ्यांना पुस्तके हवी होती. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने व्याकरण झाले आणि 1810 मध्ये कोशही निघाला. त्या कोशातील मराठी शब्द मोडीत आहेत. हाताने झरझर लिहायच्या त्या वळणदार लिपीचे एकेक अक्षर सुटे करून धातूत ओतणे, हे बंगाली कारागिरांचे कसब मला त्या कोशाइतकेच मोलाचे वाटते.

1845 मध्ये डेन्मार्कने तमिळ किनाऱ्यावरील आपल्या तरंगमबाडी या ठाण्यासह हे गाव साडेबारा लाख रुपयांना कंपनीला विकले. श्रीरामपूर कॉलेजला 1827 मध्ये मिळालेल्या डॅनिश राजसनदेचे हक्क मात्र करारात राखले गेले. 1818 मध्ये स्थापन झालेले हे कॉलेज आजही चालू आहे. गावातील सेंट ओलाव्ह चर्चच्या दर्शनी भागावर डेन्मार्कचा राजा सातवा ख्रिश्चन याची मुद्राक्षरे दिसतात. या चर्चच्या जीर्णोद्धाराला 2016 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. पडझड झालेली डेन्मार्क टॅव्हर्न ही नदीकाठची खानावळही दुरुस्त होऊन 2018 पासून पुन्हा चालू झाली आहे. कलकत्त्याला जाणाऱ्या मराठी माणसाने हावड्याहून लोकल गाडी धरून श्रीरामपूरला अवश्य जावे आणि कॉलेजच्या आवारातील कॅरी ग्रंथालयासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा.